हलणारा दात काढण्याआधी

दसरा ते दिवाळी या दिवसांत, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या सुमारास, परभणीतल्या माझ्या दवाखान्यात एक मागणी दरवर्षी ऐकू येते. काही वर्षांपूर्वी गंगाखेड तालुक्यातून आलेल्या एका बाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच ती सांगून टाकली. वय पंचेचाळिशीच्या आसपास. खालचे पुढचे दात जिभेने ढकलले तरी हलत होते, दोन्ही बाजूंच्या दाढांनी चावता येत नव्हते आणि हिरडी दाबली की पू येत होता. आठ दिवसांनी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जायचे होते. मग पाच-सहा महिने गावाकडे परतणे नव्हते.

"मॅडम, समदेच काढून टाका अन् एकदाच कवळी बसवा. पुन्हा पुन्हा येणं होत नाही."

"मावशी, यातले बरेच दात वाचतील," मी म्हणाले.

"हलायलेत की! हललेला दात कुठं राहतो व्हय?"

मी हिरड्यांच्या आजारांवर उपचार करते. त्या दोन वाक्यांत मावशींनी माझ्या विषयातले दोन मोठे प्रश्न मांडले होते. हललेला दात राहतो का, हा शास्त्राचा प्रश्न. त्याचे उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. पुन्हा पुन्हा येणे होत नाही, हा आपल्या जिल्ह्यातल्या जगण्याचा प्रश्न. दात बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नापाशी जातात, असे माझे निरीक्षण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही असे पुष्कळ दात काढले. ते सगळेच काढायला हवे होते, असे आज मला म्हणता येत नाही. म्हणून हा लेख.

दात कशाच्या आधाराने उभा असतो

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती हाडाची खोबण असते आणि मूळ व खोबण यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. या असंख्य बारीक तंतूंनी दात हाडाला झोळीसारखा टांगलेला असतो. त्यामुळे निरोगी दातही किंचित हलतो. ते आपल्याला जाणवत नाही इतकेच. वरच्या बाजूला हिरडी दाताला घट्ट बिलगते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची उथळ खाच असते.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा चिकट थर साचू लागतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. या थराच्या शेजारची हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. ही पहिली पायरी, आणि ती पूर्ण बरी होते. डेन्मार्कमधील आर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात स्वच्छ करणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्यांना सूज आली. पुन्हा सफाई सुरू केल्यावर आठवडाभरात ती ओसरली.

पुढची पायरी मात्र तितकी सोपी नाही. सूज महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहिली की काही जणांत ती खाली उतरते. हाड जिवाणू खातात असा समज आहे, पण तसे नसते. जिवाणूंशी लढताना शरीर जी रसायने सोडते, त्यांच्या प्रभावाखाली शरीराच्याच पेशी हाड विरघळवतात. हाड खाली सरकते, तंतू तुटतात आणि हिरडीची उथळ खाच खोल कप्प्यासारखी होते: चार, पाच, सहा, कधी दहा मिलिमीटर. इतक्या खोल ब्रश पोहोचत नाही. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि चक्र चालू राहते. बोलीभाषेत आपण याला पायोरिया म्हणतो.

यातली फसवी गोष्ट म्हणजे हे सगळे बहुधा न दुखता होते. किडलेली दाढ ठणकून रात्रीची झोप उडवते, म्हणून माणूस येतो. पायोरियात थोडे रक्त, थोडी दुर्गंधी, दातांत अन्न अडकणे एवढेच असते. येतो तेव्हा दात हलू लागलेले असतात.

या आजाराचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ साली प्रसिद्ध झाले, त्यात चार टप्पे आहेत. दाताचा आधार पाच मिलिमीटर किंवा अधिक तुटला आणि कप्पे सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल झाले की तिसरा टप्पा. पाच किंवा अधिक दात याच आजाराने गेले आणि चावण्याची घडी विस्कटली की चौथा. मावशी तिसऱ्या आणि चौथ्याच्या सीमेवर होत्या.

दात दोन कारणांनी हलतो

हलणे म्हणजे शेवट, असे आपण धरून चालतो. पण दात हलण्यात दोन कारणे मिसळलेली असतात. एक, हाड कमी झालेले असते. दुसरे, उरलेल्या तंतूंत आणि हिरडीत सूज असते. शिवाय अशक्त झालेल्या दातावर चावण्याचा भार वाकडातिकडा पडत असतो. पहिले कारण बहुतांशी कायमचे असते. दुसरे उपचाराने जाते. तपासणीच्या दिवशी दात जितका हलताना दिसतो, त्यात ही दोन्ही कारणे एकत्र असतात. त्या दिवशीच दाताचा निकाल लावणे म्हणजे अंगात ताप असताना माणसाची ताकद मोजण्यासारखे आहे.

थोडा हिशेबही करून पाहावा. सुळ्याचे मूळ साधारण सोळा-सतरा मिलिमीटर लांब असते. आजाराने त्याचा सहा मिलिमीटर आधार गेला, तरी दहा मिलिमीटर मूळ हाडात असते. सूज उतरल्यावर एवढ्या आधारावर दात वर्षानुवर्षे काम करू शकतो. खालच्या पुढच्या दाताचे मूळ बारा-तेरा मिलिमीटरच असते, म्हणून तेवढाच आधार गेल्यावर तो जास्त हलतो. दाढेला दोन-तीन मुळे असतात. पण मुळांच्या बेचक्यात आजार शिरला की तिथली सफाई अवघड होते. म्हणून 'दात हलतो' एवढ्यावरून काही ठरत नाही. कोणता दात, किती हाड उरले आहे, हाडाचा खड्डा कसा आहे, हे एक्स-रे आणि कप्प्याची खोली मोजणारी बारीक सळई यांवरून ठरते.

'वय झालं की पडतातच'

दुसरा समज वयाचा. आजीचे पडले, आईचे पडले, आता माझे पडणार, असे रुग्ण सहज सांगतात. याची कसोटी लागली ती आपल्या शेजारच्या श्रीलंकेत. तिथल्या चहामळ्यांत काम करणाऱ्या ४८० तमिळ पुरुष मजुरांचा अभ्यास १९७० साली सुरू झाला. ना त्यांना दातांचे डॉक्टर उपलब्ध होते, ना दात घासण्याची नेहमीची सवय होती. सर्वांच्या तोंडात कीटण होते आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. लो आणि सहकाऱ्यांनी त्यांचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध केले. सुमारे ८ टक्के मजुरांमध्ये आजार वेगाने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सगळे दात गेले. ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या ११ टक्क्यांमध्ये सूज असूनही आजार पुढे सरकलाच नाही.

एकाच मळ्यात, एकाच प्रकारचे जगणे जगणाऱ्या, जवळपास एकाच वयाच्या माणसांत इतका फरक पडत असेल, तर दात जाण्याचे कारण निव्वळ वय असू शकत नाही. आजीचे दात आजाराने गेले. त्या आजाराकडे झुकणारी प्रकृती घराण्यातून येऊ शकते. तशी प्रकृती असणाऱ्याने अधिक जपावे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडची भर

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातल्या ८९.६ टक्के लोकांत हिरड्यांचा काही ना काही आजार आढळला. हा आकडा घाबरवणारा वाटतो. पण त्यात नुसते रक्त येणारे आणि नुसते कीटण असणारेही आहेत. गंभीर आजाराचे प्रमाण कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना गंभीर आजार आहे, म्हणजे शंभर कोटींहून अधिक माणसांना.

आजार पहिल्या पायरीवरून खाली ढकलणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे ठळक आहेत. पहिली तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना आणि मशेरी घरात आहेतच. मशेरीला आपल्याकडे कुणी मिसरी म्हणते. भाजून काळी केलेली ही तंबाखू बायका सकाळी मंजन म्हणून हिरड्यांना चोळतात. दात दुखला की दुपारीही. कळ दबल्यासारखी वाटते, पण हिरडी मागे सरते, दाताचे मूळ उघडे पडते आणि जखम भरून येण्याची ताकद घटते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक फसगत होते: हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजाराची पहिली खूणच दिसत नाही.

दुसरी गोष्ट मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासात देशातल्या प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले. साखर ताब्यात नसली की पायोरिया बळावतो, आणि पायोरियाची सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. संबंध दोन्ही बाजूंनी आहे. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४३ अंकांनी उतरली. आकडा लहान दिसतो, पण मधुमेहाच्या उपचारात तो दखल घेण्याजोगा आहे. माझ्याकडे हलणारे दात घेऊन आलेल्या माणसाची साखर मी तपासतेच. आपल्याला मधुमेह आहे हे काहींना त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

काढण्याच्या घाईचा इतिहास

हा आजार जुना आहे, तसे त्याचे उपचारही. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी, म्हणजे हिरड्यांत होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यातल्या दंतवेष्टाचे वर्णन, पू आणि रक्त येणे व दात हलू लागणे, आजच्या पायोरियाच्या अगदी जवळ जाते. कीटणाला तिथे दंतशर्करा म्हटले आहे आणि ती काढताना दाताच्या मुळाला इजा होऊ देऊ नये, अशी ताकीदही आहे. अमेरिकेत जॉन रिग्ज या दंतवैद्याने १८७६ साली हिरडीखालची सफाई करून असे दात वाचवता येतात, हे मांडले. तिकडे पुष्कळ काळ या आजाराला रिग्जचा आजार म्हणत.

मग उलटे वारे वाहिले. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिले. तोंडातला पू हा अंगातल्या अनेक रोगांचे मूळ आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यात तथ्यांश होता, पण त्यातून निघालेला उपाय अतिरेकी ठरला. पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत संधिवातापासून मानसिक आजारापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात सरसकट काढले गेले. त्याने अपेक्षित गुण येत नाही हे दिसल्यावर ती लाट ओसरली.

उपचाराच्या चार पायऱ्या

युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांत उपचाराच्या चार पायऱ्या आहेत. आम्हीही साधारण तसेच जातो.

पहिली पायरी रुग्णाच्या हातात असते: योग्य रीतीने दोन वेळा घासणे, दातांच्या फटींत जाणारा छोटा ब्रश वापरणे, तंबाखू सोडणे, साखर ताब्यात आणणे. दुसरी आमच्या हातात: तोंड बधिर करून हिरडीखालचे मूळ स्वच्छ करणे. या दोन पायऱ्यांनंतर सहा-आठ महिन्यांत सुमारे ७४ टक्के कप्पे उथळ होऊन बंद होतात, असे अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसते. म्हणजे शस्त्रक्रियेआधीच बरेचसे काम होते.

उरलेल्या खोल कप्प्यांसाठी तिसरी पायरी. हिरडी अलगद उघडून मूळ डोळ्यांसमोर स्वच्छ करायचे, याला फ्लॅप शस्त्रक्रिया म्हणतात. हाड सगळीकडे सारखे खाली गेले असेल तर ते परत वर येत नाही. पण एका दाताच्या कडेला विहिरीसारखा उभा खड्डा असेल, तर त्यात हाडाची भुकटी, पडदा किंवा विशिष्ट प्रथिने वापरून काही आधार पुन्हा निर्माण करता येतो. फार हलणारे पुढचे दात मागच्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधतात. त्याने आजार बरा होत नाही, पण चावणे सुखाचे होते आणि जखमेला विसावा मिळतो. चौथ्या पायरीकडे, म्हणजे देखभालीकडे, पुढे येते.

इथे एका समजाबद्दल बोलले पाहिजे, कारण त्यापायी कित्येक दात जातात. 'दात साफ केले की हलायला लागतात, फटी पडतात.' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. कीटणाचा जाड थर हलणाऱ्या दातांना सिमेंटसारखा एकत्र धरून असतो. तो काढला की दात खरे किती हलतात ते कळते. सूज उतरली की हिरडी आक्रसते, फटी दिसतात, दात लांब वाटतात, थंड पाणी झोंबते. हाड आधीच गेलेले असते. सफाईने फक्त ते उघड होते. फटी राहतात, पण झोंबणे बहुधा काही आठवड्यांत कमी होते आणि हलणेही उतरते. हे आम्ही आधी सांगितले नाही, तर रुग्ण दुसऱ्या वेळी येत नाही आणि चार जणांना येऊ देत नाही. इथे दोष आमचा असतो.

वाचवलेला दात किती वर्षे टिकतो

हिर्शफेल्ड आणि वासरमन या न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी १९७८ साली आपल्या ६०० रुग्णांचा सरासरी बावीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या नोंदींत २,१३९ दात सुरुवातीलाच 'टिकण्याची खात्री नाही' अशा शेऱ्याचे होते. बावीस वर्षांत त्यातले ६६६ गेले. म्हणजे ज्यांच्यावर भरवसा नव्हता, त्या दातांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक दात तोंडात होते. ६०० पैकी ४९९ जणांचे शून्य ते तीनच दात गेले. उरलेल्यांपैकी काहींचा आजार मात्र उपचारालाही दाद देत नव्हता. श्रीलंकेतले ८ टक्के आठवावेत.

इटलीतल्या कोर्तेलिनी आणि सहकाऱ्यांनी त्याहून कठीण दात घेतले. हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलेले, एरवी कुणीही काढले असते असे. पन्नास रुग्णांपैकी पंचवीस जणांचे दात आधार पुन्हा निर्माण करणाऱ्या शस्त्रक्रियेने वाचवण्याचा प्रयत्न केला. पंचवीस जणांचे काढून तिथे इम्प्लांट किंवा ब्रिज बसवले. दहा वर्षांनी वाचवलेल्यांपैकी ८८ टक्के दात जागेवर होते. बसवलेले दातही टिकले, पण त्यांचा एकूण खर्च जास्त झाला.

हा खर्चाचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. एका इम्प्लांटला काही हजार रुपये लागतात, आणि ज्याला पायोरिया झालेला आहे त्याच्या इम्प्लांटभोवतीही तसाच आजार होण्याचा धोका अधिक असतो. देखभाल तिथेही चुकत नाही. कवळी स्वस्त पडते, पण दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते आणि खालची कवळी काही वर्षांत तोंडात फिरू लागते. ज्वारीची भाकरी, भुईमुगाचे दाणे, ऊस हे सगळे मग हळूहळू ताटातून जाते.

काही दात मात्र काढावेच लागतात, आणि ते लपवू नये. दात वरखालीही हलतो, म्हणजे बोटाने दाबल्यावर खोबणीत दबतो. मूळ उभे चिरलेले आहे. आधार सगळ्या बाजूंनी टोकापर्यंत गेला आहे आणि शेजारच्या चांगल्या दाताचेही हाड नेतो आहे. किंवा वारंवार गळू होऊन रुग्णाची साखर, हृदय वा इतर उपचार धोक्यात येत आहेत. अशा वेळी तो दात सोडणे हेच उरलेल्या दातांसाठी चांगले. हट्टाने प्रत्येक दात धरून ठेवणे हेही शास्त्र नव्हे.

पुन्हा येणे

आता चौथी पायरी. स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात आक्सेलसन आणि लिंडे यांनी लोकांना नियमित बोलावले. बहुतेकांना वर्षातून एकदा, काहींना दोनदा, आजाराकडे झुकलेल्यांना तीन ते सहा वेळा. तीस वर्षे येत राहिलेल्या २५७ जणांचे तीस वर्षांत सरासरी दोनसुद्धा दात गेले नाहीत. जे गेले त्यातले बहुतेक मूळ मोडल्याने. न्यूयॉर्कचे ते ६०० रुग्णही वर्षानुवर्षे येत राहिलेलेच होते. या सगळ्या यशामागे एक अट आहे: माणूस परत येतो.

परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती आणि त्यातले बहुसंख्य लोक गावांत राहतात. परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. पण जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या पलीकडच्या वस्तीवरून इथे यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, भाडे लागते, बाईबरोबर घरातले कुणीतरी यावे लागते. दुखत नसताना हे का करावे, हा प्रश्न रास्त आहे. 'दर तीन महिन्यांनी या' असे चिठ्ठीवर लिहून आम्ही आमचे काम संपले असे समजतो. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि कोयत्याचे सहा महिने त्या चिठ्ठीत कुठे बसतात, हे आम्ही विचारत नाही.

मावशींचे काय झाले ते सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सव्वीस दातांपैकी वरखाली हलणारी एक दाढ आणि खालचा पुढचा एक दात काढला. आठ दिवसांत दोन वेळा बोलावून सगळे तोंड खोलवर साफ केले. पुढचे दात तारेने बांधले आणि काढलेल्या जागी तात्पुरता दात त्यातच बसवला. साखर तपासली, ती जास्त निघाली, फिजिशियनकडे पाठवले. मशेरीबद्दल मी बोलले तेव्हा त्या हसल्या. "तेवढी तरी राहू द्या." मी भांडले नाही. कोपीवर पाण्याची ओढ असते, म्हणून अर्ध्या तांब्यात दात कसे घासायचे ते दाखवले, आणि सोबत जाणाऱ्या त्यांच्या सुनेलाही.

तारखाही कॅलेंडरवरून न ठरवता त्यांच्या वर्षावरून ठरवल्या: निघण्याआधी दसऱ्याला, परतल्यावर पाडव्यानंतर आणि पेरण्या उरकल्या की नागपंचमीच्या आसपास. मधल्या सहा महिन्यांचे अंतर शास्त्राला हवे त्यापेक्षा मोठे आहे. पण नियमित येणाऱ्या तीन वेळा, न येणाऱ्या चार वेळांपेक्षा बऱ्या.

पाडव्यानंतर त्या आल्या तेव्हा पू थांबला होता आणि पुढचे दात बरेच कमी हलत होते. उन्हाळ्यात डाव्या बाजूला शस्त्रक्रिया केली. एका वर्षी त्या आल्याच नाहीत. घरात लग्न होते आणि उचल फिटली नव्हती. त्यात आणखी एक दाढ गेली. मशेरी दिवसातून चार वेळांवरून एकदा आली आहे, सुटलेली नाही. आज त्यांच्या तोंडात स्वतःचे तेवीस दात आहेत आणि भाकरी त्या त्यांनीच खातात.

वाचकांपैकी कुणाचा, किंवा घरातल्या कुणाचा दात हलत असेल तर काढायला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना इतके विचारावे: या दाताभोवती हाड किती उरले आहे, ते एक्स-रेवर मला दाखवाल का? सूज उतरल्यावर पुन्हा तपासून ठरवता येईल का? माझी साखर पाहिली का? आणि वाचवायचा तर मला वर्षातून किती वेळा यावे लागेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून स्वतःचे वर्ष त्यांच्यासमोर मांडावे: कधी गावी असता, कधी नसता, किती वेळा येणे जमेल. हलणाऱ्या दाताचा निर्णय या बोलण्यानंतर घ्यावा. दात बहुधा तेवढा थांबतो.